बालकांच्या शरीरातील मेदाचे मापन : निरनिराळ्या पद्धती व त्यांची तुलना

खानदेशातील शेतकऱ्यास वजन आणि घटक यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही. दोन गाड्या कापूस काट्यावर सारखाच भरला, तरी जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर दोहोंचा रुईचा उतारा सारखा येईलच असे नाही. एका गाडीत रुई अधिक, दुसरीत सरकी अधिक, तर एखाद्या गाडीत नुसता ओलावाच अधिक असावयाचा. काटा एकूण भार सांगतो. त्या भारात काय काय आहे, हे तो सांगत नाही.

शाळेतील मुलांच्या वजनाचेही असेच आहे. आरोग्यपत्रिकेत ‘वजन २० किलोग्रॅम’ अशी नोंद होते. त्या २० किलोग्रॅममध्ये हाडे, स्नायू, यकृतादि अवयव, पाणी आणि मेद या सर्वांचा समावेश असतो. त्यांपैकी मेद किती, हा प्रश्न अलीकडच्या काळात महत्त्वाचा ठरला आहे. मेद हा काही शरीराचा शत्रू नव्हे. आजारात अन्न जात नाही तेव्हा बालक त्याच साठ्यावर तग धरते. तो फार घटला तर रोगाशी झुंजण्याची शक्ती कमी होते. फार वाढला तर पुढील आयुष्यात मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. २०१६ ते २०१८ या काळात भारतात बालकांचे जे सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले, त्यात ५ ते ९ वर्षे वयाच्या मुलांपैकी २३ टक्के कृश, २२ टक्के वयाच्या मानाने खुजी, तर ४ टक्के अतिवजनाची आढळली. अर्थात् दोन्ही टोकांची मुले एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेली असू शकतात. त्यांना ओळखण्याचे पहिले काम शिक्षकाच्या हातून होते. यास्तव मेद मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती कोणत्या, त्या कशावर आधारलेल्या आहेत व प्रत्येकीवर कितपत विसंबावे, याची माहिती शिक्षकांस असणे इष्ट आहे.

प्रत्यक्ष मापन अशक्य

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापूस वटून रुई व सरकी वेगवेगळी तोलता येते; जिवंत बालकाच्या बाबतीत तसे करता येत नाही. मेदाचे खरेखुरे प्रत्यक्ष मापन केवळ मृतदेहाच्या रासायनिक पृथक्करणानेच शक्य असते, आणि असे मोजकेच प्रयोग झालेले आहेत. बाकी सर्व पद्धती दुसरेच काहीतरी मोजतात आणि त्यावरून मेदाचे अनुमान काढतात. कोणी वजन व उंची मोजतो, कोणी त्वचेची जाडी, कोणी शरीराची घनता, कोणी त्यातील पाणी. अनुमान जितक्या गृहीतांवर उभे असेल, तितक्या जागी ते चुकण्याचा संभव असतो. यंत्र महाग असले म्हणजे गृहीते नाहीशी होतात असे नव्हे.

वजन व उंची यांचे गुणोत्तर

सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागणे. हे गुणोत्तर बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. प्रौढांमध्ये १८.५ पेक्षा कमी निर्देशांक हा कृशतेचा समजतात. हाच आकडा मुलांस लावणे ही मोठी चूक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या कोष्टकानुसार ६ वर्षांच्या मुलाचा मध्यम निर्देशांक १५.३ असून १३.० च्या खाली कृशता, तर १८.५ च्या वर लठ्ठपणा गणला जातो. म्हणजे जो आकडा प्रौढास कृशतेची सीमा ठरतो, तोच ६ वर्षांच्या मुलास लठ्ठपणाची सीमा ठरतो.

याचे कारण मेदाच्या नैसर्गिक क्रमात आहे. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत बाळाच्या शरीरातील मेदाचे प्रमाण झपाट्याने वाढते, पुढे ते उतरत जाते आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास ते नीचतम असते. त्यानंतर पुन्हा वाढू लागते. पहिलीत दाखल होणारे मूल हे निसर्गतःच आयुष्यातील सर्वांत सडपातळ अवस्थेत असते. त्याच्या बरगड्या दिसतात एवढ्यावरून ते कुपोषित ठरत नाही, आणि गालावर मांस दिसते एवढ्यावरून ते निरोगीही ठरत नाही.

आता दोन मुलांचे उदाहरण घेऊ. दोघेही ८ वर्षांचे, दोघांचेही वजन २० किलोग्रॅम. पहिल्याची उंची १२५ सेंटिमीटर, दुसऱ्याची ११२ सेंटिमीटर. पहिल्याचा निर्देशांक १२.८ येतो. या वयास कृशतेची सीमा १३.३ असल्याने तो कृश ठरतो. दुसऱ्याचा निर्देशांक १५.९ येतो व तो ‘सामान्य’ ठरतो. परंतु ८ वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ११६ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तो खुजा समजला जातो. दुसऱ्या मुलाची वाढ दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाने वा वारंवारच्या आजाराने खुंटलेली असण्याचा संभव आहे, आणि निर्देशांक ते लपवितो. म्हणून निर्देशांक एकटा कधीही वाचू नये. उंचीची नोंद त्याच्या शेजारीच वाचावी.

पुण्याच्या परिसरातील शोध

निर्देशांकाची दुसरी मर्यादा महाराष्ट्रातच प्रकाशात आली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास आरंभिला. तेथे जन्मलेल्या ६३१ नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील ३३८ बालकांशी करण्यात आली. ही तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. इंग्रज बालकांचे सरासरी वजन ३.५ किलोग्रॅम, तर आपल्या बालकांचे २.७ किलोग्रॅम होते. वजनात एवढी तूट असली, तरी ती सर्व घटकांत सारखी नव्हती. स्नायू व पोटातील अवयव यांत ती फार मोठी होती. पाठीवरील त्वचेच्या घडीत, म्हणजे त्वचेखालील मेदात, मात्र ती सर्वांत कमी होती. वजनाने हलके, पण त्या मानाने मेद राखून असलेले असे हे बालक. म्हणून त्यास ‘कृश-मेदस्वी’ बालक असे म्हटले गेले.

हीच गोष्ट प्रौढांतही दाखविता येते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक नेमका २२.३ होता. तथापि यंत्राने मोजलेला मेद डॉ. यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. काटा समान, उताऱ्यात मात्र दुपटीहून अधिक अंतर. यावरून शिक्षकाने हे समजावे की, आपल्याकडील बारीक दिसणाऱ्या मुलास मेदवृद्धीचा धोका नाही असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कमी वजनाच्या मुलास नुसते तेलकट व गोड खाऊ घालून वजन वाढविणे हा उपाय नव्हे. स्नायू व हाडे भरण्यासाठी डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, पालेभाज्या आणि मैदानावरील खेळ यांची जोड हवी.

दंडघेर

अंगणवाडीत वापरली जाणारी तिरंगी पट्टी सर्वांच्या परिचयाची आहे. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकाच्या डाव्या दंडाच्या मध्यावरील घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित, व ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित समजतात. या वयात दंडाचा घेर फारसा बदलत नसल्याने सर्वांस एकच सीमा चालते. वय नक्की ठाऊक नसले तरी अडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु दंडात स्नायू, मेद व हाड तिन्ही असतात. पट्टी त्यांस वेगळे करीत नाही. तसेच या सीमा प्राथमिक शाळेतील मोठ्या मुलांस लावता येत नाहीत.

येथेच एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही क्षण दाबले असता खळगा तसाच राहिला, तर ती सूज होय. अशा बालकाचे वजन पाण्यामुळे फुगलेले असते व काटा दिशाभूल करतो. त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

त्वचेची घडी

शरीरातील मेदाचा मोठा भाग त्वचेखाली असतो. दंडाच्या मागील बाजूस व पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली त्वचा चिमटीत उचलून तिची जाडी कॅलिपर नावाच्या चिमट्याने मोजतात. चिमट्याचा दाब दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका कायम असावा लागतो. त्वचेचे दोन थर व मेदाचे दोन थर यांची ती जाडी असते. स्वस्त, नेण्या-आणण्यास सोपी व मेदाच्या अधिक जवळ जाणारी अशी ही पद्धत आहे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही तिचा उपयोग झाला. परंतु घडी कोठे व किती उचलावी, हे शिकलेल्या हातालाच साधते. दोन माणसांनी घेतलेली मापे जुळत नाहीत. मुले गुदगुल्यांनी हलतात. पोटाच्या आतील मेद या मापात येतच नाही. शिवाय कपडे दूर करावे लागतात. म्हणून हे मापन आरोग्य पथकाचे काम समजावे. शिक्षकाने वर्गात त्याचा प्रयोग करू नये.

विद्युत्-रोध

कापसाच्या खरेदीत ओलावा पाहण्यासाठी जे यंत्र कापसात खुपसतात, ते विजेच्या वहनावरून ओलाव्याचा अंदाज देते. तळपायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले ‘मेद दाखविणारे’ वजनकाटेही याच तत्त्वावर चालतात. पाणी व क्षार असलेल्या स्नायूंतून सौम्य वीजप्रवाह सुलभतेने वाहतो, मेदातून कष्टाने. प्रवाहास होणाऱ्या विरोधावरून यंत्र शरीरातील पाणी अजमावते आणि त्यावरून, आत भरलेल्या एखाद्या सूत्राने, मेदाचा टक्का काढते. ते सूत्र बहुधा अन्य देशातील व अन्य वयाच्या माणसांवरून बसविलेले असते. त्यातच खानदेशातील चैत्राच्या उन्हात मैदानावरून घामाघूम होऊन आलेला मुलगा आणि सकाळी पाणी पिऊन आलेला तोच मुलगा यांचे आकडे निराळे येऊ शकतात. एखाद्या दानशूर गृहस्थाने असा काटा शाळेस भेट दिला, तर त्यावरील वजन अवश्य नोंदवावे. मेदाचा टक्का मात्र आरोग्यपत्रिकेत लिहू नये.

घनता व पाणी

शेवभाजीवर तर्री तरंगते, कारण तेल पाण्याहून हलके असते. मेदाची घनता सुमारे ०.९, तर मेदविरहित शरीराची सुमारे १.१ धरतात. शरीराची घनता कळली की मेदाचा अंश काढता येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ सिरी यांच्या १९६१ च्या सूत्रात ४९५ ला घनतेने भागून त्यातून ४५० वजा करतात, घनता १.१ असता उत्तर शून्य व ०.९ असता १०० येते. घनता काढण्यासाठी पूर्वी माणसास पाण्याखाली बुडवून तोलीत. श्वास सोडून स्तब्ध बुडी मारणे लहान मुलास कसे जमावे? म्हणून आता बंद कोठडीत बसवून हवेच्या विस्थापनाने आकारमान मोजतात. तान्ह्या बाळांसाठी निराळी लहान पेटी असते.

दुसरी पद्धत पाण्याची. मेदात पाणी जवळजवळ नसते. मेदविरहित शरीरात प्रौढांच्या बाबतीत सुमारे ७३ टक्के असते. ड्युटेरियमयुक्त जड पाण्याचा तोलून घेतलेला अल्प अंश पाजतात व काही तासांनी लाळेत तो किती विरळ झाला ते पाहतात. त्यावरून शरीरातील एकूण पाणी कळते. हे पाणी किरणोत्सारी नसते. लाळ खेड्यातही गोळा करता येते, मात्र तपासणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते. बंगळूरच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत असे कार्य चालते.

या दोन पद्धतींची तुलना बोधप्रद आहे. लहान मुलांच्या मेदविरहित शरीरात पाणी प्रौढांहून अधिक, सुमारे ७६ ते ७७ टक्के, असते व हाडांतील खनिजे कमी असतात. त्यामुळे त्याची घनता १.१ नसून सुमारे १.०८ भरते. आता मेद मुळीच नसलेले एखादे मूल कल्पिले व त्यास सिरींचे प्रौढांचे सूत्र लावले, तर ८ टक्के मेद असल्याचा भास होईल. उलट पाण्याच्या पद्धतीत २० किलोग्रॅमच्या मुलाच्या शरीरात १२ लिटर पाणी आढळले, तर ७३ टक्क्यांच्या हिशेबाने मेद १८ टक्के येतो व ७७ टक्क्यांच्या हिशेबाने २२ टक्के. म्हणजे प्रौढांची गृहीते मुलांस लावल्यास एक पद्धत मेद अधिक दाखविते, तर दुसरी कमी. म्हणूनच संशोधक घनता, पाणी व हाडांतील खनिजे ही तिन्ही एकत्र मोजून मग निष्कर्ष काढतात. बाकीच्या पद्धती त्या कसोटीवर घासून पाहिल्या जातात.

हाडांतील खनिजे मोजण्यासाठी दोन शक्तींच्या क्ष-किरणांचे यंत्र वापरतात. त्यास ‘डेक्सा’ म्हणतात. हाड, मेद व मेदविरहित ऊती यांचे अंश ते वेगवेगळे दाखविते. किरणांचे प्रमाण अत्यल्प असले, तरी मूल काही मिनिटे निश्चल पडून राहावे लागते आणि यंत्र मोठ्या शहरातच उपलब्ध असते.

शाळेसाठी उचित पद्धत

सारांश, संशोधनासाठी घनता, जड पाणी व डेक्सा, आरोग्य पथकासाठी त्वचेची घडी, अंगणवाडीसाठी दंडघेर, आणि शाळेसाठी वजन व उंची. यांत शाळेची पद्धत सर्वांत साधी असली तरी सर्वांत कमी मोलाची नाही. ज्या मुलाची वर्षातून दोनदा, एकाच रीतीने, काळजीपूर्वक नोंद होते, त्याच्या चार वर्षांच्या आठ नोंदी कोणत्याही यंत्राच्या एका आकड्याहून अधिक बोलक्या असतात.

परंतु ही नोंद अचूक हवी. ११२ सेंटिमीटर उंचीच्या ६ वर्षांच्या मुलाचे वजन १७ किलोग्रॅम असेल तर निर्देशांक १३.६ येतो, काट्याने १ किलोग्रॅम कमी दाखविले तर तो १२.८ होऊन मूल कृशांच्या यादीत जाते. काट्याच्या उलट चुकीने एखादे खरोखर कृश मूल यादीतून सुटते, आणि ही चूक अधिक घातक. यासाठी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. काटा कठीण व सपाट फरशीवर ठेवावा. प्रत्येक वेळी प्रारंभी, वैधमापनाचा शिक्का असलेले वजन ठेवून तो तपासावा.

२. वजन पादत्राणे, दप्तर व जाड कपडे काढून, शालेय पोषण आहाराच्या भोजनापूर्वी घ्यावे.

३. उंचीची पट्टी ओळंबा लावून सरळ केलेल्या भिंतीवर रंगवावी. टाचा, नितंब व खांदे भिंतीस टेकलेले, दृष्टी समोर, आणि डोक्यावर गवंड्याचा गुण्या काटकोनात टेकविलेला असावा. मुलींच्या वेण्या बाजूस कराव्यात.

४. वय जन्मदाखल्यावरून महिन्यांसह काढावे. पूर्वी शाळेत दाखल करताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिण्याची रीत होती. अशी अंदाजी तारीख धरल्यास कोष्टकाची चुकीची ओळ वाचली जाते.

५. एक नोंद जुलैत व दुसरी जानेवारीत घ्यावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून व साक्री तालुक्यातून जी कुटुंबे ऊसतोडीस परगावी जातात, त्यांच्या मुलांचे वजन जाण्यापूर्वी व परत येताच, अशी जादा नोंद करावी. मुलाचे वजन घटलेले असल्यास ते या नोंदीवरूनच कळेल.

६. नोंदीत मागील वेळेपेक्षा वजन घटलेले, उंची खुंटलेली अथवा निर्देशांक एकाएकी चढलेला दिसल्यास ते मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास आवर्जून दाखवावे. २०१३ पासून हे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीस येते. निदान करणे हे वैद्याचे काम, लक्षात आणून देणे हे शिक्षकाचे.

शेवटची गोष्ट मापनाची नसून वाणीची आहे. वजन घेताना आकडा मोठ्याने उच्चारू नये, तो लिहावा. ‘जाड्या’, ‘काडी’ अशी नावे वर्गात एकदा पडली की ती वर्षानुवर्षे चिकटतात. मग ते मूल तपासणीच्या दिवशी घरी राहते, आणि ज्याची नोंद सर्वांत आवश्यक त्याचीच जागा कोरी राहते. कोष्टकात मुलाचे स्थान वर असो वा खाली, त्याचा दोष त्या मुलाकडे नाही. एका कोपऱ्यात, एकेका मुलास बोलावून, दोन शब्द मायेचे बोलून घेतलेले वजन अधिक अचूक येते. कारण ते मूल काट्यावर स्थिर उभे राहते व पुढच्या वेळीही येते.